‘आपली आवड’ आणि एकट्याचा कान

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेला प्रवासी खारेपाटण मागे टाकून कणकवलीच्या दिशेने येऊ लागला की वाटेत तळेरे लागते. येथून एक रस्ता वैभववाडी, गगनबावडा करीत कोल्हापुरास चढतो, तर दुसरा विजयदुर्गाकडे समुद्राला जाऊन मिळतो. ज्या गावी तीन वाटा भेटतात, त्या गावी गाणीही तीन वाटांनी येतात. घाटावरून नाट्यपद आणि लावणी उतरली, गोव्याकडून मांडो आणि कांतार आले, आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी ट्रंकेतून तबकड्या, पुढे कॅसेटी आणल्या. दशावतार आणि भजन तर इथल्या मातीतलेच. गाणे कसे पोहोचते आणि त्याची निवड कोण करतो, हा प्रश्न विचारण्यास असे गाव फार सोयीचे.

गेल्या नाताळच्या सुटीत तळेरे येथे एका स्नेह्यांच्या घरी काही दिवस राहण्याचा योग आला. स्नेही मुंबईतील नोकरी संपवून गावी परतलेले. व्हायोलिन वाजवितात, आणि पूर्वी आप्तांच्या गावी खुरसापुढे लादाईन असली की त्यांना हमखास बोलावणे येई. घरात त्यांच्या वृद्ध मातुःश्री आणि महाविद्यालयात शिकणारी कन्या. संध्याकाळी शेजारचे एक भजनी बुवा गप्पांना येत. गाण्याचा नाद सर्वांनाच होता, परंतु कोणाची आवड कोणाशी जुळत नव्हती. कन्येने एके दिवशी सुचविले की, इंटरनेटवरील जी संगीतसेवा ऐकणाऱ्याची आवड ओळखून आपणहून गाणी निवडते, ती प्रत्येकाने आठ दिवस वापरून पाहावी. एका मोबाईलवर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडले गेले. रोज रात्री प्रत्येकाने आपला तास ऐकायचा, काय मिळाले ते वहीत टिपायचे आणि नवव्या दिवशी त्यावर बोलायचे, असे ठरले. त्या वहीवरून आणि त्या बोलण्यावरून हा लेख लिहीत आहे. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण जे गुणदोष दिसले ते एका कंपनीचे नसून पद्धतीचे आहेत, असे माझे मत झाले आहे.

*

ही पद्धत प्रथम समजून घेतली पाहिजे. यंत्र आपली आवड ‘ओळखते’ असे आपण सहज बोलून जातो, पण ओळखण्याचे प्रकार दोन आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत.

पहिल्या प्रकारात गाण्याची परीक्षा होते. सन २००० मध्ये अमेरिकेत टिम वेस्टरग्रेन, विल ग्लेझर आणि जॉन क्राफ्ट यांनी ‘म्युझिक जीनोम प्रोजेक्ट’ नावाचे काम आरंभिले. प्राण्याच्या पेशीत जशी गुणसूत्रे, तशी गाण्याचीही गुणलक्षणे मांडता येतील, ही त्यामागील कल्पना. संगीत शिकलेली माणसे एकेक गाणे ऐकत आणि त्याची लय, स्वररचना, आवाजाची जात, वाद्यमेळ यांची नोंद करीत. अशा लक्षणांची संख्या सुमारे ४५० पर्यंत नेलेली होती, आणि एका गाण्यास वीस मिनिटे वा अधिक वेळ लागे. या कष्टावर २००५ साली ‘पँडोरा’ ही आकाशवाणीसारखी सेवा उभी राहिली. ऐकणाऱ्याने एक गाणे वा एक गायक सांगायचा, यंत्राने त्या लक्षणांशी जुळणारी गाणी पाठोपाठ लावायची, आणि आवडले-नावडले हे अंगठा वर वा खाली करून श्रोत्याने कळवायचे. हे गाणे का निवडले, असे विचारण्याची सोयही तेथे होती. अमुक प्रकारचा ताल, तमुक प्रकारची स्वरसंगती म्हणून निवडले, असे उत्तर मिळे. परवान्यांच्या अडचणीमुळे मे २००७ पासून ती सेवा अमेरिकेबाहेरच्या बहुतेक श्रोत्यांस बंद झाली, त्यामुळे आपल्याकडील बहुतेकांना ती ऐकून ठाऊक आहे, वापरून नाही.

दुसऱ्या प्रकारात गाण्याची परीक्षा होत नाही, श्रोत्यांची होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकत असताना रिचर्ड जोन्स या तरुणाने ‘ऑडिओस्क्रॉबलर’ नावाची योजना केली. संगणकावर आपण जे जे गाणे ऐकतो त्याची नोंद आपोआप व्हावी, आणि ज्यांच्या नोंदी परस्परांशी जुळतात त्यांची एकमेकांस ओळख व्हावी. लंडनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या ‘लास्ट एफएम’ या सेवेत ही योजना २००५ साली विलीन झाली. २००७ साली ‘सीबीएस’ या अमेरिकन कंपनीने ती सेवा २८ कोटी डॉलरांस विकत घेतली, आणि २०१४ साली तिचा स्वतःचा रेडिओ बंद झाला. परंतु तिचे तत्त्व सर्वत्र पसरले. तुमच्यासारखे ऐकणारे आणखी कोण आहेत ते शोधावे, त्यांनी ऐकलेले पण तुम्ही न ऐकलेले असे काय आहे ते पाहावे, आणि ते तुमच्यापुढे ठेवावे, एवढेच ते तत्त्व. अशा जुळणाऱ्या श्रोत्यांना त्या सेवेत ‘शेजारी’ म्हणत. या शब्दाकडे मला पुढे परत यायचे आहे.

आज आपल्या खेड्यांत मोबाईलवर जे वाजते, त्यात दोन्ही प्रकारांचे मिश्रण असते. ‘सावन’ २००७ पासून, ‘गाना’ २०१० पासून, आणि ‘स्पॉटिफाय’ भारतात २०१९ च्या फेब्रुवारीपासून. २०१६ साली ‘जिओ’ने मोबाईलचे इंटरनेट स्वस्त केल्यावर हे सर्व तळेऱ्यासारख्या गावांतही सहज पोहोचले.

*

आता वहीकडे वळू.

स्नेह्यांनी आरंभास शंकर-जयकिशन यांची व्हायोलिनच्या ताफ्याने भरलेली काही गाणी निवडली. यंत्राने पाठोपाठ काय दिले? त्याच गायकाची गाणी, त्याच नटाच्या चित्रपटांतील गाणी, त्याच दशकातील गाणी. एकही वाईट नव्हते. पण तिसऱ्या दिवशी स्नेही वैतागून म्हणाले, “माका गाणारो नको, मागलां व्हायोलिन व्हयां.” त्यांना हवा होता तो गायकाच्या ओळीमागून निराळ्या वाटेने चालणारा तंतुवाद्यांचा स्वर, आणि तो ज्याने लिहिला त्याची इतर कामे.

हा माणूस कोण होता, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. शंकर-जयकिशन यांच्याकडे दीर्घकाळ वाद्यवृंदाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर गावोगावची मुले मुंबईच्या बँडांत आणि तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेली. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले आंतोनियो झेवियर वाझ, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा मोठा प्रयोग मुंबईत केला. प्यारेलाल त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले, आणि १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव घालून त्यांनी आपले ऋण फेडले. ते गाणे सर्व देशाने गुणगुणले. नाव खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना कळले.

यंत्रास हा माणूस सापडत नाही, याचे कारण यंत्र मूर्ख आहे हे नव्हे. तबकडीच्या वेष्टनावर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे आणि कवीचे नाव असे. वाद्यवृंद रचणाऱ्याचे बहुधा नसे. जी नोंद तेव्हा झाली नाही, ती आज यंत्राच्या कपाटात येणार कोठून? शिफारस ही शेवटी नोंदीवर चालते. पँडोराच्या पद्धतीने कोणी कान देऊन ती गाणी तपासली असती, तर मागच्या व्हायोलिनचे लक्षण कदाचित मांडले गेले असते. पण वीस-वीस मिनिटे बसून आमची जुनी गाणी ऐकण्याचा खर्च कोणी करील, असे दिसत नाही. म्हणून येथे जो अन्याय आहे, तो नवा नाही. जुना अन्याय नव्या यंत्राने बिनचूक जपून ठेवला आहे, एवढेच.

बुवांची तक्रार निराळी आणि काहीशी विनोदी होती. सिंधुदुर्गात डबलबारी भजनाचे वेड सर्वश्रुत आहे. दोन मंडळी समोरासमोर बसतात, एका बुवाने घातलेल्या कोड्याला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे, आणि पहाटेपर्यंत श्रोत्यांनी माना डोलवायच्या. बुवांना यंत्राने डबलबारीची ध्वनिमुद्रणे दिली खरी, परंतु तुकडे करून! एका बुवाचा सवाल ऐकू येई आणि पुढचे गाणे भलत्याच गावच्या भलत्याच बारीतले लागे. “जबाब खंय गेलो?” असे बुवा मोबाईलला विचारीत. यंत्राच्या लेखी ‘गाणे’ म्हणजे आरंभ आणि शेवट असलेली, सुटी करता येणारी एक वस्तू. ज्या संगीताचा जीवच दुसऱ्याच्या उत्तरात आहे, ते त्या मापात बसत नाही. लादाईनही अशीच आहे. एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी मागून प्रतिसाद द्यायचा. तिच्यातून एक आवाज सुटा काढला तर काय उरेल?

मातुःश्रींनी कोकणी भक्तिगीते मागितली. दोन-तीन मिळाली. मग लॉर्ना यांची नृत्यगीते आली. त्याही कोकणीच म्हणून आजींनी ती हसत ऐकून घेतली. चौथ्या-पाचव्या दिवशी हिंदी भक्तिगीते आली आणि आठवड्याच्या शेवटी अमेरिकन प्रार्थनासभांतील इंग्रजी गाणी, गिटार आणि ढोलांसह. कोकणी वा मराठी ख्रिस्ती भक्तिगीते मुळात थोडी ध्वनिमुद्रित झाली, आणि ती ऐकणारे त्याहून थोडे. दुसऱ्या प्रकारच्या शिफारशीत गर्दीच साक्षीदार असते. जेथे गर्दी नाही तेथे यंत्र हळूहळू जवळच्या मोठ्या गर्दीकडे सरकते. पाण्याने उताराकडे जावे तसे हे आहे, त्यात द्वेष नाही. पण आजींच्या दृष्टीने परिणाम एकच झाला, की आठ दिवसांत त्यांचे गाणे संपले आणि दुसऱ्याचे सुरू झाले. त्या म्हणाल्या, “ह्यां माका आवडता तां ऐकवता म्हणतत, पण माका काय ऐकूक होया तां कोण सांगणा नाय.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

*

गाणे निवडून देणारे कोणी ना कोणी पूर्वीही होतेच. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणीचे मंत्री झाले. ते मराठी, रसिक आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची खात्री होती, आणि आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? त्यांनी सुई सिलोनकडे फिरविली. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि बुधवारची रात्र तिच्या नावे झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून शासनाने माघार घेतली. जाणत्याने सक्ती केली की श्रोता पळून जातो, हा धडा आपण विसरता कामा नये. यंत्राची निंदा करताना जुन्या जाणत्यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही.

परंतु सक्ती आणि एकांत यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे फर्माईश. मुंबई आकाशवाणीवर ‘आपली आवड’ नावाचा कार्यक्रम असे. गाण्याआधी ज्यांनी ते मागितले त्यांची नावे आणि गावे वाचली जात. आईवडील, भावंडे, मित्रमंडळ अशी लांबलचक यादी असे. बिहारमधील (आता झारखंडमधील) झुमरी तलैया हे गाव तर केवळ फर्माईशीच्या पत्रांमुळे देशास ठाऊक झाले. आपण मागितलेले गाणे लागले तर आनंद होईच, पण कोणा अनोळखी गावच्या अनोळखी कुटुंबाने मागितलेले गाणेही आपल्याला ऐकावे लागे. ऐकता ऐकता ते आवडू लागे. त्या कार्यक्रमाच्या नावातील ‘आपली’ या शब्दाचा अर्थ तोच होता. आजच्या यादीवर लिहिलेले असते, ‘केवळ तुमच्यासाठी’. तेथे दुसऱ्या कुटुंबाचे गाणे चुकूनही लागत नाही.

येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्याप्रमाणे, ठरावीक सरकारी परवान्यावर चालणाऱ्या इंटरनेट रेडिओने श्रोत्याने मागितलेले नेमके गाणे लावता कामा नये, असा दंडक आहे. एकाच गायकाची तीन तासांत चारांहून अधिक गाणी लावू नयेत, असेही बंधन आहे. मागेल ते गाणे मिळू लागले तर तबकडी कोण विकत घेईल, ही कंपन्यांची भीती त्यामागे होती. त्यामुळे पँडोराला गाण्याच्या जवळपासचे गाणे देण्याची कला साधावी लागली. शिफारशीचे हे शास्त्र शुद्ध रसिकतेतून जन्मले असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की फर्माईशीवरील बंदीनेही त्याला आकार दिला आहे.

*

आता ‘शेजारी’ या शब्दाकडे. लास्ट एफएमच्या परिभाषेत शेजारी म्हणजे ज्याची आवड माझ्या आवडीशी जुळते तो, मग तो लंडनला असो की लिस्बनला. या कल्पनेत एक सौंदर्य आहे, हे मान्य केले पाहिजे. आडगावात राहून एखाद्या अनवट संगीतावर प्रेम करणाऱ्या माणसास आपण एकटे नाही, हे कळणे लहान गोष्ट नव्हे.

पण आपण ख्रिस्ती वाचक ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानातून ओळखतो. तो एका शास्त्र्याने विचारला, आणि प्रभूने उत्तरादाखल शोमरोनी माणसाचा दाखला सांगितला. त्या दाखल्यातील शेजारी धर्माने, जातीने, रीतीभातीने जखमी माणसासारखा नाही. तो त्याच्यासारखा नाही, हेच त्या दाखल्याचे मर्म. यंत्राचा शेजारी माझे प्रतिबिंब असतो. शुभवर्तमानाचा शेजारी वाटेत भेटलेला परका असतो. तळेऱ्याच्या त्या घरात बुवा आणि आजी हे दोघे शेजारी होते. दोघांच्या आवडीत एकही गाणे समान नव्हते. यंत्राने त्यांची कधीही गाठ घातली नसती.

एवढे लिहून थांबलो तर अन्याय होईल, कारण वहीत चौथ्या खात्याचीही नोंद आहे. कन्या चर्चच्या गायकवृंदात गाते. तिने चार भागांत गायिलेली काही लातीन गीते निवडली होती. सहाव्या रात्री यंत्राने तिला काँगो देशातील ‘मिसा लुबा’ ऐकविली. गुइदो हाझेन या बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तेथील गायकांसह १९५८ साली सिद्ध केलेली ही मिस्सा. शब्द लातीन, पण चाल, ढोल आणि प्रतिसाद सारे आफ्रिकेचे. ती पोरगी रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना म्हणाली, “पप्पा, आमची लादाईन अशीच ना? लातीन त्यांचो, सूर आमचो!” जे तिच्या घरातल्या व्हायोलिनने तिला वीस वर्षांत सांगितले नव्हते, ते समुद्रापलीकडच्या गाण्याने एका रात्रीत सांगितले. आणि ते गाणे तिला कोणा धर्मगुरूने, शिक्षकाने वा माझ्यासारख्या समीक्षकाने नव्हे, त्या यंत्राने दिले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मात्र यंत्राने ते दिले तेव्हा काही सांगितले नाही. हे काय आहे, कोणी रचले, कोठे गायिले, आणि तुला का ऐकवीत आहे, यांतले काहीच नाही. ते सर्व तिने स्वतः शोधून काढले. तिच्या ठिकाणी गाण्याचे संस्कार होते म्हणून तिने शोधले. दुसऱ्याच्या कानावरून ते चार मिनिटांत निघून गेले असते. चांगला जाणकार शिफारस करतो तेव्हा तो कारण देतो, आणि शिफारस चुकली तर त्याची लाज त्याला वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर त्याला तोंड दाखवावयाचे असते. पँडोराच्या जुन्या सोयीत निदान लक्षणांची यादी तरी मिळे. आजच्या सेवांनी तेवढाही शिष्टाचार बहुधा सोडला आहे.

*

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसिद्ध केले. एक पवित्र उपासनेविषयी, दुसरा समाजसंपर्क माध्यमांविषयी. पहिल्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली, दुसऱ्याची फारशी नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर आपल्या प्रश्नावर प्रकाश पडतो.

उपासनेच्या दस्तऐवजात भाविकांच्या गायनाची जोपासना करावी, आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य मान द्यावा, असे सांगितले आहे. माध्यमांच्या दस्तऐवजात वाचक, प्रेक्षक आणि श्रोते यांच्यावर एक कर्तव्य सोपविले आहे. निवड त्यांनी स्वतः, जाणतेपणी करावी, जे नीतीने, ज्ञानाने वा कलेने श्रेष्ठ आहे त्याला आपली पसंती द्यावी, आणि त्यासाठी जाणत्यांचे मत समजून घ्यावे. निवड हे येथे सुख नसून कर्तव्य आहे. १९६३ साली मोबाईल नव्हता, तरी ज्या श्रोत्याची निवड दुसराच कोणी त्याच्या नावाने करील, त्याच्याविषयीची काळजी त्या शब्दांत आधीच उमटली आहे.

आपल्या भाषेत श्रद्धा गाण्याची परंपरा लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि ते ओवीबद्ध आहे, म्हणजे गाण्यासाठीच आहे. तेव्हापासून खुरसापुढच्या लादाईनी, उपवासकाळातील गीते, लग्नातल्या रोसाच्या ओव्या, आणि विश्वपरिषदेनंतर मराठीतून रचलेली मिस्सागीते असे केवढे तरी धन आपल्यापाशी आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, आणि या किनाऱ्याच्या ख्रिस्ती जीवनाला स्वतःचे घर मिळाले. पण त्या घरातील गाणी कोठे आहेत? काही वयस्क मंडळींच्या कंठात, काही मेस्त्रींच्या वाळवी लागलेल्या वह्यांत. पुढची पिढी गाणे शोधील ते मोबाईलवरच, आणि तेथे जे नाही ते तिच्या लेखी कधी नव्हतेच.

म्हणून माझी सूचना यंत्रावर बहिष्कार घालण्याची नाही. केसकरांच्या वाटेने जाऊन काही साधणार नाही. सूचना दोन आहेत आणि दोन्ही धर्मग्रामाच्या आवाक्यातील आहेत. पहिली नोंदीची. प्रत्येक धर्मग्रामातील गायकवृंदाने आपल्याकडील जुन्या लादाईनी आणि गीते ध्वनिमुद्रित करावीत. तुकडे न करता, प्रतिसादासह, संपूर्ण. आणि त्यांसोबत रचणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याचे, व्हायोलिन वाजविणाऱ्याचे आणि गावाचे नाव लिहावे. सेबॅस्टियन डिसोझांच्या पिढीचे जे झाले ते आपल्या मेस्त्रींचे होऊ नये. ही ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर ठेवली तर थोड्या श्रोत्यांचीही गर्दी हळूहळू जमेल, आणि मग आजींचे गाणे आठ दिवसांत संपणार नाही.

दुसरी सूचना ऐकण्याची. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एकत्र बसावे, आणि प्रत्येकाने एक गाणे निवडावे, स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्या कोणासाठी. निवडीचे कारणही सांगावे. नातीने आजीसाठी, सासऱ्याने सुनेसाठी, शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी. हीच जुनी ‘आपली आवड’. पोस्टकार्ड तेवढे वाचले.

तळेऱ्यास नवव्या दिवशी आम्ही हे करून पाहिले. बुवांनी आजींसाठी एक गवळण निवडली. आजींनी ती नीट ऐकली आणि तिच्यातील बाळकृष्णाच्या खोड्यांवर त्या पोटभर हसल्या. मग बुवांसाठी काही निवडा म्हटल्यावर त्यांनी मोबाईल बाजूला सारला आणि पवित्र मरियेची लादाईन स्वतःच सुरू केली. स्नेह्यांनी भिंतीवरचे व्हायोलिन उतरविले. त्याची एक तार तुटलेली होती, ती तशीच राहू दिली. बुवांना लातीन येत नव्हते, पण दोन ओळींनंतर प्रतिसाद केव्हा द्यायचा हे त्यांनी बरोबर हेरले. कन्येने तेवढ्यात मोबाईल उचलला आणि ध्वनिमुद्रण सुरू केले. खाली तिने आजीचे नाव, वडिलांचे नाव, बुवांचे नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे.